वर्तुळाबाहेरचे वन्यजीव : वीजप्रकल्प, पारेषण-वाहिन्या आणि आघात-मूल्यांकनाच्या मर्यादा

नाशिक शहराच्या पूर्वेला एकलहरे येथे उभे असलेले औष्णिक वीजकेंद्र आणि तेथून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यावर निफाड तालुक्यात लागणारे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य या दोन स्थळांचा विचार सहसा एकत्र केला जात नाही. पहिले ऊर्जाखात्याच्या अखत्यारीत येते आणि दुसरे वनखात्याच्या. पहिल्याचे मोजमाप मेगावॅटमध्ये होते आणि दुसऱ्याचे हिवाळी पक्षिगणनेच्या तक्त्यांमध्ये. एकलहऱ्यात १९७०च्या दशकाच्या आरंभी प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटच्या तीन संचांची त्यात भर पडली आणि पुढे जुने दोन संच बंद झाले. नांदूर मध्यमेश्वरचा इतिहास याहून जुना आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्याच्या पाणसाठ्यात गाळ साचत गेला, गाळावर पाणवनस्पती आणि बेटे तयार झाली, आणि पाटबंधारे अभियंत्यांच्या दृष्टीने जी साठवणक्षमतेची हानी होती तीच पक्ष्यांच्या दृष्टीने वस्तीयोग्य पाणथळ ठरली. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये, पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. वीजकेंद्र आणि पाणथळ या दोहोंना नदी जोडते, आकाश जोडते आणि आकाशातून जाणाऱ्या विजेच्या ताराही जोडतात. असे जोडलेपण तपासण्यासाठी आज जी साधने उपलब्ध आहेत ती नेमकी जोडाच्या ठिकाणीच अपुरी का पडतात, हा प्रस्तुत ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

या साधनांपैकी प्रमुख साधन म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. एखादा प्रकल्प उभारण्यापूर्वी त्याचा हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी आणि माणसांची उपजीविका यांवर कोणता परिणाम होईल याचा अंदाज घेणे, तो टाळण्याचे किंवा सौम्य करण्याचे उपाय सुचवणे आणि त्या आधारे परवानगीचा निर्णय करणे, अशी ही प्रक्रिया आहे. भारतात ती १९९४च्या अधिसूचनेने बंधनकारक झाली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या नव्या अधिसूचनेने तिला आजचे स्वरूप मिळाले. एकलहऱ्याचे सर्व संच या दोन्ही तारखांच्या आधीचे असल्याने त्यांच्या उभारणीच्या वेळी अशा मूल्यांकनाचा प्रश्नच उद्भवला नाही. सिन्नर तालुक्यातील १,३५० मेगावॅट क्षमतेचा खासगी औष्णिक प्रकल्प मात्र २००६ नंतरच्या व्यवस्थेतला आहे, आणि या व्यवस्थेत अभ्यासक्षेत्र म्हणून सामान्यतः प्रकल्पस्थळापासून १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ धरले जाते. धूळ, राख आणि आवाज यांच्यासाठी या वर्तुळाला काही अर्थ आहे, कारण चिमणीपासून जसजसे दूर जावे तसतसा त्यांचा प्रभाव बहुधा ओसरत जातो. नदी मात्र वर्तुळात वाहत नाही, आणि पक्षी तर त्याहूनही नाही. एकलहऱ्याभोवती असे वर्तुळ काढले तर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा त्याच्या बाहेर राहतो. सिन्नरच्या प्रकल्पाभोवती काढले तरी बाहेरच राहतो. जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाची पाणथळ जागा दोन्ही वीजकेंद्रांच्या नकाशांवर कागदाच्या कडेपलीकडे जाते, आणि याला कोणाची लबाडी कारणीभूत नसून केवळ कंपासचे टोक कारणीभूत आहे, ही गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे.

वर्तुळाइतकीच दुसरी अडचण ऋतूची आहे. प्रकल्पापूर्वीची स्थिती नोंदवणाऱ्या माहितीला आधारस्थिती म्हणतात आणि ती अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूपुरती, म्हणजे साधारण तीन महिन्यांपुरती, गोळा केली जाते. ही तीन महिन्यांची खिडकी मार्च ते मे अशी पडली तर नांदूर मध्यमेश्वरच्या परिसराचे जे चित्र हाती येईल ते त्याच जागेच्या डिसेंबरमधील चित्राशी जवळजवळ असंबद्ध असेल. उत्तरेकडून येणारी बदके, कांड्या करकोचे, माळरानावर खाली झेपावत फिरणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हे सारे हिवाळ्याचे पाहुणे आहेत. रोहित पक्ष्यांचे येणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते आणि त्यांच्या हालचाली पुष्कळदा रात्री होतात. करकोचे दिवसा हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांत चरतात व मुक्कामाला पाण्याकडे परततात, म्हणजे त्यांची रोजची ये-जा पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात, नेमक्या तारा दिसेनाशा होण्याच्या वेळी घडते. सकाळी नऊ ते दुपारी बारा या वेळात केलेली पाहणी कितीही प्रामाणिक असली तरी या हालचाली तिच्या हाती लागत नाहीत. प्रजातींची लांबलचक यादी अहवालाच्या परिशिष्टात जोडली गेली म्हणजे जीवसृष्टीचा अभ्यास झाला, असा समज या क्षेत्रात अजूनही रूढ आहे. वस्तुतः यादी केवळ अस्तित्व सांगते, आणि आघात ठरतो तो वेळ, उंची, मार्ग आणि वारंवारता यांवरून.

तथापि सर्वांत मोठी फट कायद्याच्या रचनेतच आहे. २००६च्या अधिसूचनेला जोडलेल्या प्रकल्पांच्या अनुसूचीत औष्णिक केंद्रे आहेत, जलविद्युत प्रकल्प आहेत, परंतु पारेषण-वाहिन्या नाहीत. पवनऊर्जा आणि सौरपटलांचे प्रकल्पही नाहीत. वाहिनी वनजमिनीतून जात असेल तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जात असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीसमोर प्रस्ताव जातो. जंगलातून २२० केव्हीची वाहिनी नेण्यासाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, त्यातील झाडे मोजली जातात, त्यांची किंमत आणि पर्यायी वनीकरण ठरते. मात्र वाहिनी माळरानावरून, पडीक म्हणून नोंदलेल्या महसुली जमिनीवरून किंवा शेतांवरून गेली तर तोडायला झाडे नसतात आणि म्हणून मोजायला आघातही नसतो. नाशिक जिल्ह्याचा पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा, म्हणजे येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नरचा काही भाग, अशाच उघड्या जमिनीचा आहे. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूर परिसरात काळविटांचे कळप आहेत आणि त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्रही घोषित झाले आहे. लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल हे याच भूमीचे रहिवासी आहेत. महसुली दप्तरात जी जमीन पडीक, ती ऊर्जानियोजनात सहज उपलब्ध ठरते. तिच्यावर सौरपटले येतात, पवनचक्क्या येतात आणि त्यांच्यामागे तारा येतात.

या फटीला महाराष्ट्रात प्रशासकीय विभागणीचीही जोड मिळाली आहे. जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, उच्च दाबाच्या वहनासाठी महापारेषण आणि ग्राहकांपर्यंत वीज पोचवण्यासाठी महावितरण अशा तीन कंपन्या अस्तित्वात आल्या. आर्थिक दृष्टीने या विभागणीचे जे समर्थन असेल ते असो; परंतु केंद्राचे मूल्यांकन एका कंपनीचे, त्यातून निघणारी २२० केव्हीची वाहिनी दुसऱ्या कंपनीची आणि शेवटचा ११ केव्हीचा खांब तिसऱ्या कंपनीचा, अशी स्थिती झाल्यावर एकाच विजेच्या प्रवासातील तीन टप्प्यांचा एकत्रित, म्हणजेच संचयी, आघात पाहणारे टेबल कोठेच उरत नाही.

वाहिन्यांमुळे होणारे मृत्यू दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत केल्यास उपायांचीही गल्लत होते. पहिला प्रकार विजेच्या धक्क्याचा. तारेवर बसलेला पक्षी एकाच तारेला स्पर्श करून असेल तर त्याच्या शरीरातून प्रवाह वाहण्याचे कारण नसते; परंतु पसरलेल्या पंखांनी तो एकाच वेळी दोन तारांना, किंवा एक तार आणि जमिनीशी जोडलेला खांबाचा लोखंडी आडवा अँगल यांना शिवला की परिपथ पूर्ण होतो. म्हणून हा धोका उंच, अवाढव्य मनोऱ्यांवर कमी आणि गावोगावच्या ११ व ३३ केव्हीच्या साध्या खांबांवर जास्त असतो, कारण तेथे तारांमधले अंतर मोठ्या पक्ष्याच्या पंखविस्तारापेक्षा कमी असते. डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, खांबांवर उघड्या जोडतारांची गर्दी असल्याने ते विशेष घातक ठरतात. दुसरा प्रकार धडकेचा. येथे पक्षी तारेवर बसत नाही, उडताना तिच्यावर आदळतो, आणि वीज वाहत नसली तरी मरतो. उच्च दाबाच्या मनोऱ्यांच्या अगदी माथ्यावरून, आकाशातील विजेपासून संरक्षणासाठी, एक बारीक तार नेलेली असते; तिला अर्थ वायर म्हणतात. खालच्या जाड वाहक तारा ऐनवेळी दिसल्याने पक्षी उंची घेतो आणि वरच्या, न दिसणाऱ्या तारेवर आपटतो, असे जगभरच्या अभ्यासांत पुनःपुन्हा आढळले आहे. तारांवर आदळून मेलेल्या पक्ष्यांची नोंद इलियट कूज या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने १८७६ साली केली तेव्हा त्या तारा टेलिग्राफच्या होत्या, यावरून समस्येचे वय लक्षात यावे.

माळढोक हा दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूचा सर्वाधिक बळी का ठरतो, याचे उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० साली आफ्रिकेतील कोरी माळढोकासह काही मोठ्या पक्ष्यांच्या दृष्टिक्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की हे पक्षी उडताना खालची जमीन न्याहाळण्यासाठी मान थोडी झुकवतात तेव्हा उड्डाणाच्या दिशेने समोरचे त्यांना काहीच दिसत नाही. लाखो वर्षे मोकळ्या गवताळ प्रदेशात समोर अडथळाच नसल्याने ही उणीव उणीव नव्हती. त्यात वजन जास्त आणि वळण्याची क्षमता कमी, त्यामुळे तार दिसलीच तरी टाळता येईलच असे नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने राजस्थानातील थरमध्ये ८० किलोमीटर वाहिन्यांखाली वर्षभरात वारंवार फिरून मृत पक्ष्यांची नोंद केली आणि त्यावरून सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वर्षाला ८४ हजारांच्या घरात पक्षी मरत असल्याचा, आणि त्यांत सुमारे १८ माळढोक असल्याचा अंदाज बांधला. ८४ हजारांच्या तुलनेत १८ हा आकडा नगण्य दिसतो. पण थरमध्ये एकूण माळढोकच सव्वाशेच्या आसपास असताना आणि मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालत असताना हाच आकडा प्रजातीच्या अस्तित्वाचा निर्णय करतो. संकटग्रस्त प्रजातींच्या मूल्यांकनाचे गणित येथेच नेहमीच्या मूल्यांकनापासून वेगळे होते. सरासरी, टक्केवारी आणि प्रति किलोमीटर दर ही विपुल प्रजातींसाठी उपयुक्त साधने आहेत. विरळ प्रजातीच्या बाबतीत घटना इतकी दुर्मीळ असते की एका वर्षाच्या पाहणीत ती आढळेलच असे नाही, आणि न आढळणे म्हणजे न घडणे नव्हे.

शिवाय मेलेला पक्षी सापडणे हेच मुळी कठीण असते. कोल्हे, कुत्री आणि कावळे अवशेष नेतात. उसात किंवा दाट गवतात पडलेले प्रेत अनुभवी नजरेलाही चुकते. जखमी पक्षी दूर जाऊन मरतो. म्हणून काटेकोर अभ्यासात मुद्दाम काही मृत कोंबड्या वा लावे ठरावीक ठिकाणी ठेवून ते किती दिवसांत नाहीसे होतात आणि शोधकांना त्यांतले किती सापडतात हे आधी पाहतात, व मिळालेल्या संख्येला त्यानुसार दुरुस्तीचा गुणक लावतात. असा गुणक न लावता केवळ सापडलेल्या प्रेतांचा आकडा देणारा अहवाल नुकसान कमी दाखवतो आणि ते शास्त्रीय असल्याच्या थाटात दाखवतो.

महाराष्ट्रात माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य स्थापन झाले, तरी त्यातील नान्नजच्या माळावर हा पक्षी आता क्वचितच दिसतो. त्यामुळे नाशिकच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न गिधाडांचा आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलचा परिसर येथे लांब चोचीच्या आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे वास्तव्य आहे, आणि हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखाते व ग्रामस्थ यांच्या सहभागातून गिधाडांसाठी अन्नपुरवठ्याचे केंद्रही चालवले गेले आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे १९९०च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडे देशभरात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि त्याच सुमारास बंदिवासात प्रजनन करून पक्षी पुन्हा मोकळे सोडण्याचे दीर्घ काम सुरू झाले. २०२४ साली ताडोबा परिसरातून, पाठीवर उपग्रह-संदेशक बसवून सोडलेले पांढऱ्या पाठीचे एक गिधाड सुमारे ४,००० किलोमीटर भटकत तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात पोचले आणि तेथे विजेचा धक्का लागून मेले. ज्या खांबावर ते बसले तो कोणत्याही प्रकल्पाच्या अभ्यासक्षेत्रात नव्हता, कोणत्याही अभयारण्यात नव्हता. तो एक खांब होता, इतकेच. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर या गिधाडवर्गीय पक्ष्यांच्या बाबतीत हाच अनुभव आल्यावर त्यांना सोडण्यापूर्वी पिंजऱ्यात सौम्य झटका देणारे नकली खांब उभारून विजेच्या खांबांपासून दूर राहायला शिकवण्यात आले. हा उपाय कल्पक आहे खरा, परंतु त्यात बदलण्याची जबाबदारी खांबावर न टाकता पक्ष्यावर टाकली आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आघात नेहमी प्रेताच्या रूपानेच प्रकट होतो असे नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात जगभर उद्धृत होतो. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्या नसलेल्या शेजारच्या भागाच्या जवळपास चौथ्या हिश्शावर आले होते, आणि भक्षक कमी झाल्याने निळ्या-केशरी गळपंख्याच्या सरड्यांची संख्या वाढली होती. इतकेच नव्हे तर या सरड्यांच्या रक्तातील तणावसंप्रेरकाचे प्रमाण कमी झाले होते आणि माणूस अधिक जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. एका यंत्राने अन्नसाखळीचा वरचा दुवा सैल केला आणि त्याचा परिणाम खालच्या प्राण्याच्या शरीरात आणि स्वभावात उमटला. हा निष्कर्ष निघण्यासाठी चक्क्या सुरू होऊन बरीच वर्षे लोटावी लागली, आणि पूर्वपरवानगीच्या टप्प्यावरच संपणारे मूल्यांकन अशा परिणामापर्यंत पोचू शकत नाही. भीमाशंकरजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाची कथा निराळी आहे: तेथे सदाहरित जंगल आणि शेकरूचा अधिवास असल्याची नोंद स्थानिक वनाधिकाऱ्याच्या पातळीवर झाली होती, पण वरच्या पातळीवर ती डावलली गेली, असे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११च्या अहवालात नमूद केले. ज्ञान नसणे आणि असलेले ज्ञान वापरले न जाणे हे दोन वेगळे दोष आहेत; पहिल्यावर संशोधनाचा उपाय चालतो, दुसऱ्यावर चालत नाही.

वीजकेंद्रे वन्यजीवांना केवळ हुसकावतात असेही म्हणता येत नाही. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र ताडोबाच्या वाघांच्या संचारक्षेत्रात आहे, आणि त्याच्या आवारातील झुडपे, पाणी व माणसांची तुरळक वर्दळ यांमुळे वाघ-बिबट्यांना तेथे आसरा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच आवारात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा ठिकाणी आघाताची दिशाच उलटसुलट होते. विदर्भातील वाघांना विजेपासून असलेला मोठा धोका मात्र केंद्रातून नव्हे, शेताच्या बांधावरून येतो. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी वाहिनीवर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडली जाते आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ सापडतो. जय या विख्यात वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड परिसरात असाच मेला. क्षणिक, न मारणारा झटका देणारी सौर झटका मशीन हा त्यावरचा उपाय ठाऊक आहे आणि अनुदानातून दिलाही जातो. तरीही पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेत मिळाली नाही तर आकडा टाकण्याचा मोह संपत नाही, म्हणजे येथे वन्यजीवाचे मरण वीजव्यवस्थेइतकेच शेतीच्या अर्थकारणाशी बांधलेले आहे.

न्यायालयीन हस्तक्षेपाने या विषयाला सार्वजनिक महत्त्व मिळवून दिले. वन्यजीव-संरक्षक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोक आणि तणमोर यांच्या अधिवासातील वाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा व अन्यत्र पक्ष्यांना तार दिसावी यासाठी तीवर लटकती वा वळसेदार दर्शके बसवण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी, सौर व पवनऊर्जेची गरज आणि भूमिगत तारांची तांत्रिक मर्यादा लक्षात घेऊन, तो सरसकट आदेश मागे घेत प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. दरम्यान केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ साली माळढोक-क्षेत्रातील वाहिन्यांसाठी स्वतंत्र विनियम केले, ज्यांनुसार तेथे ३३ केव्ही व त्याखालील नव्या वाहिन्या भूमिगत करणे अपेक्षित आहे. एका पक्ष्याच्या नावाने हे सारे घडले याचे मोल मोठे आहे, तशीच त्याची मर्यादाही स्पष्ट आहे: नियम माळढोकाच्या नकाशापुरता लागू होतो, आणि नांदूर मध्यमेश्वरवर उतरणारा करकोचा किंवा हरसूलचे गिधाड त्या नकाशावर नाही.

पाण्याखालच्या जिवांची तर या चर्चेत आठवणही क्वचित होते. देवळाली परिसरातून १९३८ साली शास्त्रज्ञांनी वर्णिलेला आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे प्रेटर यांचे नाव मिळालेला एक बोटभर लांबीचा मासा आज जागतिक यादीत अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे आणि नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर नोंदीतही त्याचा उल्लेख आहे. वाहत्या, गोटेदार पाण्याच्या अशा माशाला पक्ष्यांसारखे निरीक्षक लाभत नाहीत. वीजकेंद्रांच्या शीतकरणासाठी होणारा पाण्याचा उपसा, परत सोडलेल्या पाण्याचे तापमान आणि राखबंधाऱ्यातून झिरपणारी द्रव्ये यांचे मोजमाप मानके पाळली की नाहीत एवढ्यापुरते होते. मानक मात्र माणसाच्या वापरासाठी आणि सर्वसाधारण जलजीवांसाठी ठरलेले असते, एखाद्या विशिष्ट माशाच्या विणीसाठी नव्हे.

पुढील दशकात या जिल्ह्याच्या पश्चिम कडेला प्रश्नाचे नवे रूप दिसेल. घाटमाथ्यावरील पाणी विजेची मागणी असताना खाली सोडून, मागणी कमी असताना पुन्हा वर चढवणाऱ्या प्रकल्पांना उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या शेजारी घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे आणि इगतपुरी-शहापूर सीमेवर भावली येथे १,५०० मेगावॅटचा प्रस्तावित आहे. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्रपणे समाधानकारक असू शकतो, आणि तरीही एकाच कड्यांच्या रांगेवर, जेथे गिधाडे उठत्या हवेवर तरंगतात, त्यांच्या सगळ्या वाहिन्या मिळून काय होईल याचे उत्तर कोणत्याही एका अहवालात असणार नाही. खोरे किंवा डोंगररांग हे एकक धरून केलेले संचयी मूल्यांकन हाच त्यावर शास्त्रसंमत मार्ग आहे.

अशा मूल्यांकनासाठी लागणाऱ्या माहितीचा एक साठा उपेक्षित पडून आहे. पक्ष्यामुळे किंवा प्राण्यामुळे वाहिनीत दोष निर्माण झाला की फीडर ट्रिप होतो, म्हणजे त्याचा पुरवठा आपोआप खंडित होतो, उपकेंद्राच्या नोंदवहीत वेळ आणि कारण लिहिले जाते, वायरमन जाऊन प्रेत बाजूला करतो आणि पुरवठा पूर्ववत होतो. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम या वीज कंपनीने १९९६ पासून एका वन्यजीव-संस्थेशी भागीदारी करून नेमक्या अशाच घटनांची प्रजातीनिहाय नोंद ठेवली आणि कोणते खांब आधी बदलायचे हे तीवरून ठरवले. खंडित पुरवठ्याचा तोटा टळत असल्याने कंपनीलाही ते परवडले. निफाड, सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील उपकेंद्रांच्या ट्रिपिंग-नोंदींत ‘पक्षी’ या एका शब्दाऐवजी पक्ष्याचे नाव, खांबाचा क्रमांक आणि मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र जोडले जाऊ लागले, तर गिधाडांच्या कड्यांखालचे उघड्या जोडतारा आधी झाकायच्या की बंधाऱ्याकडे जाणाऱ्या वाहिनीवर आधी दर्शके लावायची, हा क्रम अंदाजाने नव्हे तर नोंदींवरून लावता येईल.